मुळेच्या खोऱ्यातले गाळाचे प्लास्टिक

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी टाटा कंपनी धरण बांधत होती. अडवलेले पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात सोडायचे, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी ती योजना. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट आणि त्यांच्यामागे भाताची खाचरे जाणार म्हणून उठलेली गावे यांनी तीन वर्षे झुंज दिली. १९२४ पर्यंत लढा मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह चालू झाले आणि मुळेचे बरेचसे पाणी कायमचे पश्चिमवाहिनी झाले.

त्याच १९२१ साली टाटांच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख होते गिल्बर्ट फाउलर. इंग्लंडातल्या मँचेस्टर शहराचे मैलापाणी साफ करण्यात या माणसाची उमेदीची वर्षे गेली होती. मुळशीच्या मावळ्यांना फाउलर ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, आणि फाउलरलाही मुळशी कुठे आहे हे बहुधा माहीत नसावे. पण धरणातून जे पाणी पूर्वेकडे उरले ते पौडवरून, वाकड-बालेवाडी-औंधवरून पुण्यात येते. दापोडीला पवना आणि संगमवाडीला मुठा मुळेला मिळते. या वाटेवर तिच्यात जे मैलापाणी मिसळते ते साफ करण्याची रीत फाउलरच्या मँचेस्टरमधून आली. त्या रीतीतून उरणाऱ्या गाळापासून प्लास्टिक करता येते, हे कळायला पुढे साठ वर्षे लागली. आणि कळून पन्नास वर्षे झाली तरी तो धंदा का उभा राहिला नाही, हाच या हकिकतीतला खरा प्रश्न.

फाउलर १९१२ च्या अखेरीस अमेरिकेतून परतला तो एक कल्पना घेऊन. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स प्रयोगशाळेत त्याने मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले होते. मँचेस्टरला आल्यावर त्याने एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोन रसायनतज्ज्ञांना ते करून पाहायला सांगितले. डेव्हीहल्मच्या केंद्रात त्यांनी काचेच्या बाटल्या मैलापाण्याने भरल्या, उजेड लागून शेवाळ धरू नये म्हणून त्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि आत हवा सोडत राहिले. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढ्यावर कुणाही शहाण्या इंजिनिअरने प्रयोग गुंडाळला असता, कारण शहराचे पाणी पाच आठवडे साठवणार कुठे? पण या दोघांनी वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले आणि तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. त्याच बाटलीत, त्याच गाळावर पुन्हा नवे मैलापाणी ओतले. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेला आणखी कमी. असे करत करत पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत आले. गाळ म्हणजे नुसती घाण नसून पोसलेले, कामाला लागलेले जिवाणू होते. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांनी हा निबंध वाचला आणि सांडपाण्याच्या शास्त्राचे दोन भाग झाले, त्या दिवसाच्या आधीचा आणि नंतरचा. आजही जगातली बहुतेक मोठी मैलाशुद्धीकरण केंद्रे या ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ पद्धतीवर किंवा तिच्या नातवंडा-पतवंडांवर चालतात.

या पद्धतीत एक कायमची कटकट आहे. जिवाणू घाण खातात आणि वाढतात. वाढले की टाकीत मावत नाहीत, म्हणून रोज थोडा गाळ बाहेर काढावाच लागतो. पाणी साफ झाले तरी गाळाचे काय करायचे हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि केंद्र चालवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा तो गिळतो.

प्लास्टिकची बाजू वेगळ्याच ठिकाणाहून आली. पाश्चर संस्थेत मॉरिस लेमॉन्य याला १९२५-२६ च्या सुमारास एका मातीतल्या जिवाणूच्या पेशीत चमकदार कण सापडले. ते पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे पीएचबी, होते. बाहेर कार्बन भरपूर पण नत्र-स्फुरदाची चणचण असली की जिवाणूला खाणे मिळते, पण वाढता येत नाही. मग तो सुगीतल्या शेतकऱ्याने पेव भरावे तसा जादा कार्बन या कणांच्या रूपात साठवतो आणि उपासमारीत तो वापरतो. हे कण पेशीतून काढून वितळवले की ताणता येईल, साच्यात ओतता येईल असे प्लास्टिक मिळते. मातीत किंवा पाण्यात टाकले की दुसरे जिवाणू ते खाऊन टाकतात. लेमॉन्यचा शोध तीस-पस्तीस वर्षे पुस्तकातच राहिला. खनिज तेल स्वस्त होते, जिवाणूंचे प्लास्टिक कुणाला हवे होते?

मधल्या काळातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९५९ मध्ये बंगळूरच्या त्याच संस्थेत श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी दाखवले की काही परिस्थितीत ॲक्टिव्हेटेड स्लज मैलापाण्यातला स्फुरद अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने शोषून घेतो. सांडपाण्यातला स्फुरद जैविक मार्गाने काढण्याच्या साऱ्या तंत्राचे मूळ या निरीक्षणात आहे, असे आता जगभर मानले जाते. असे का होते याचे उत्तर पुढे मिळाले. हवा नसताना हे जिवाणू पाण्यातली आम्ले शोषून पोटात पीएचबी साठवतात, आणि हवा मिळाली की ते जाळून स्फुरद ओढून घेतात. म्हणजे बंगळूरचे संशोधक ज्या गाळाकडे पाहत होते त्यात प्लास्टिक होते, फक्त ते स्फुरद शोधत होते.

१९७४ मध्ये वॉलेन आणि रोहवेडर या दोघांनी मात्र नेमके तेच शोधले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत त्यांनी मैलागाळातून क्लोरोफॉर्मने बहुवारिक (पॉलिमर) वेगळे काढले. गंमत अशी की ते शुद्ध पीएचबी नव्हते, त्यात हायड्रॉक्सीव्हॅलरेट आणि आणखी काही घटक मिसळलेले होते. शुद्ध पीएचबी कडक आणि ठिसूळ असते. ते सुमारे १७५ अंशाला वितळते आणि त्याहून थोडे जास्त तापवले की त्याचे विघटन होऊ लागते. मिश्रण मऊ असते आणि कमी उष्णतेत वितळते. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने पुढे नेमके असेच मिश्रण हेतुपुरस्सर बनवले. त्यासाठी एका निवडक जिवाणूला शुद्ध ग्लुकोज आणि प्रोपिऑनिक आम्ल विकत घेऊन खाऊ घालावे लागले. गटारात जे फुकट घडत होते त्यासाठी आयसीआयने निर्जंतुक टाक्या बांधल्या.

अर्थात आयसीआय मूर्ख नव्हती. १९७३ च्या तेलसंकटाने सगळ्या रासायनिक कंपन्यांना घाम फोडला होता, आणि ग्राहकाला दर वेळी सारखाच माल द्यायचा तर गटारावर भरवसा ठेवून चालत नाही. तिचे बायोपोल १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शांपूच्या बाटल्यांच्या रूपाने बाजारात आले. पुढच्या दशकात त्याचा दर किलोला सुमारे १६ डॉलर होता, तर पॉलिप्रोपिलीन एक डॉलरच्या आत मिळत होते. हा फरक पर्यावरणप्रेमाने भरून निघण्यासारखा नव्हता. बायोपोलची मालकी आयसीआयमधून वेगळ्या निघालेल्या झेनेकाकडून मॉन्सँटोकडे आणि तिथून मेटाबॉलिक्सकडे गेली. मेटाबॉलिक्सने एडीएम या धान्यउद्योगाशी मिळून आयोवात मोठा कारखाना काढला, पण २०१२ मध्ये एडीएम बाहेर पडली. एकामागून एक बुडालेल्या या प्रयत्नांमधून एकच गोष्ट ठळकपणे समोर आली. कच्चा माल आणि निर्जंतुकीकरण यांवर निम्म्याहून अधिक खर्च होत असेल, तर जिवाणूंनी केलेले प्लास्टिक कधीच स्वस्त होणार नाही.

इथेच गाळवाल्यांना संधी दिसली. गाळातले जिवाणू निर्जंतुक टाकी मागत नाहीत. त्यांना एकदा भरपूर खाणे द्यायचे, मग उपाशी ठेवायचे, पुन्हा खाऊ घालायचे. ज्यांना साठवता येते ते टिकतात, बाकीचे मागे पडतात. काही आठवड्यांत टाकीत साठवण करणाऱ्यांचेच राज्य येते. खाणे म्हणजे सांडपाणी आंबवून मिळणारी ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्ले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत अशा मिश्र जिवाणूंच्या कोरड्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग प्लास्टिकचा झाला, तेव्हा सगळे चकित झाले.

आपल्याकडे ही विद्या नागपूरला आली. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधनसंस्था म्हणून सुरू झालेली आणि १९७४ मध्ये नीरी असे नाव मिळालेली संस्था मैलापाण्यावर आधीपासूनच काम करत होती. तिथल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत मराठी दस्तऐवज वाटतो. त्यांनी ॲक्टिव्हेटेड स्लजला खाऊ घातले होते ते ज्वारी आणि तांदळापासून दारू गाळणाऱ्या आसवन्यांचे स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरणारे उग्र तपकिरी पाणी. प्रथिने काढलेल्या ज्वारीच्या स्पेंटवॉशवर गाळात ४२.३ टक्के पीएचबी जमले. तांदळाच्या कच्च्या स्पेंटवॉशमध्ये डायअमोनियम फॉस्फेट घातल्यावर आकडा ६७ टक्क्यांवर गेला. ज्वारीची दारू आणि नागपूरचा गाळ यांतून प्लास्टिक! पण प्रयोगशाळेतल्या फ्लास्कपासून कारखान्यापर्यंत त्याला कुणी नेले नाही.

नेण्याची ताकद आणि अनुभव कुणाकडे होता तर पुण्याकडे. १९८३ मध्ये प्रमोद चौधरी यांनी सुरू केलेली प्राज ही कंपनी आसवन्या आणि इथेनॉलचे कारखाने बांधते, आणि स्पेंटवॉशची विल्हेवाट हाही तिच्या धंद्याचा भाग आहे. तिचे प्राज मॅट्रिक्स हे संशोधनकेंद्र मुळशी तालुक्यात उरवडे इथे आहे, पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्याला लागून. ज्या खोऱ्यातल्या भातखाचरांसाठी १९२१ ला सत्याग्रह झाला, त्याच खोऱ्यात आता यीस्ट आणि जिवाणू सांभाळणारी माणसे कामाला जातात.

प्राजची चाल पाहण्यासारखी आहे. भुसा-काडापासून इथेनॉल करण्याचे तंत्र उरवड्यात तयार झाले. २०१७ मध्ये दौंड तालुक्यातल्या राहू इथे त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने पानिपतला रोज एक लाख लिटरचा कारखाना सुरू केला, तो याच तंत्रावर. प्रयोगशाळा, मग छोटा कारखाना, मग मोठा, अशा तीन पायऱ्या. जैवप्लास्टिकची दुसरी पायरी ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला आली. जैवबहुवारिकांचा देशातला पहिला प्रात्यक्षिक प्रकल्प म्हणून त्याचे उद्घाटन झाले. दोनच महिने आधी केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनासाठीचे बायोई३ धोरण मंजूर केले होते.

पण जेजुरीला होते ते पीएलए, पॉलिलॅक्टिक आम्ल. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करायचे, ते शुद्ध करायचे आणि कारखान्यात त्याची साखळी जोडायची. जिवाणूचे काम आम्लापाशी संपते, प्लास्टिक माणूस करतो. पीएचबीच्या कुळातली प्लास्टिके, ज्यांना पीएचए म्हणतात, ती जिवाणू स्वतः करतो. फरक वापरातही आहे. पीएलए नीट कुजायला साठ अंशांच्या आसपास तापलेला कंपोस्टचा ढीग लागतो. नदीत किंवा बांधावर ते दीर्घकाळ तसेच पडून राहते. पीएचए साध्या मातीतही कुजते, समुद्रातही. म्हणजे मुळा-मुठेत वाहून जाणाऱ्या पिशव्यांचा प्रश्न ज्याने सुटू शकतो ते पीएचए, आणि साखरेच्या महाराष्ट्रात सोपे पडते ते पीएलए. साखर मोजून येते, तिची प्रत ठरलेली असते. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने कुंभी इथे वर्षाला पाऊण लाख टनांहून मोठ्या पीएलए कारखान्याची घोषणा केली तीही ऊस हाताशी आहे म्हणून.

मग गाळ? पुण्याच्या जुन्या नऊ केंद्रांची क्षमता रोज ४७७ दशलक्ष लिटर. त्यांत भैरोबा नाला १३०, नायडू ११५, बोपोडी १८. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून अकरा नवी केंद्रे, एकूण ३९६ दशलक्ष लिटरची. जुन्या केंद्रांचाच ढोबळ हिशेब करू. घनमीटरमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम कोरडा गाळ धरला तर पूर्ण क्षमतेला रोज सत्तर ते पंच्याण्णव टन. त्याच्या चौथ्या हिश्शाचे प्लास्टिक होते असे उदारपणे मानले, तरी वर्षाला साताठ हजार टन. एका कुंभीच्या दहाव्या भागाइतके, तेही नऊ ठिकाणी विखुरलेले. कच्चा माल फुकट आहे म्हणणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

मुळशी तालुक्यात तर विखुरलेपणाची हद्द आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, भुकूम इथल्या मोठ्या सोसायट्यांनी आपापले एसटीपी, म्हणजे छोटी मैलाशुद्धीकरण केंद्रे, बांधलेत, कारण वीस हजार चौरस मीटरपुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीत एसटीपीची अट असते. तळघरात ब्लोअर घरघरत असतो. ऑपरेटर सकाळी एरेशन टँकमधून एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात पाणी घेतो आणि अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ खाली बसत जातो, वर पाणी निवळते. तीनशे मिलिलिटरवर बसला तर ठीक, सातशेवर अडकला तर गाळ काढायची वेळ झाली. मग फिल्टर प्रेसमधून दाबून काढलेला केक गोणीत भरून बागेत जातो किंवा टँकरवाला पातळ गाळ ओढून नेतो. ऑपरेटरला गाळ ‘बसतोय का’ एवढ्याशीच मतलब. त्याच्या पेशीत काय साठले आहे हे त्याला कुणी विचारत नाही, आणि अशा गोण्या दारोदार गोळा करून प्लास्टिक काढायचे तर डिझेलच प्लास्टिकहून महाग पडेल.

नेदरलँड्समध्ये हिशेब वेगळा बसला, तो गाळामुळे नाही, गाळाच्या बिलामुळे. तिथे मैलागाळ शेतात टाकायला बंदी आहे. तो जाळावा लागतो आणि जाळण्याचे पैसे पाणीमंडळांना मोजावे लागतात. म्हणून काही पाणीमंडळांनी मिळून २०१५ च्या सुमारास बाथ इथल्या केंद्रावर प्रयोग केला. तिथल्या नेहमीच्या जादा गाळाला आंबवलेली आम्ले दिल्यावर कोरड्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास पीएचए जमले. पुढे पाक्स बायोमटेरिअल्स ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि डॉर्ड्रेख्टला प्रात्यक्षिक प्रकल्प आला. प्लास्टिक विकून जे मिळेल ते मिळेलच, शिवाय जाळायचा गाळ कमी झाला की तेवढे बिल वाचते. आपल्याकडे गाळ वाळवून शेतकऱ्याला देणे किंवा कुठल्या तरी भरावात टाकणे जवळपास फुकट आहे. जे काम फुकट होते ते वाचवायला कुणी भांडवल घालत नाही. माझ्या मते भारतात गाळाचे प्लास्टिक अडले आहे ते इथे, जिवाणूंपाशी नाही.

शिवाय गाळातल्या कार्बनला दुसरा दावेदार आहे, तो म्हणजे गॅस. सांडपाणी आंबले की आधी आम्ले होतात. तिथेच थांबवून ती साठवणाऱ्या जिवाणूंना दिली तर प्लास्टिक, पुढे जाऊ दिले तर मिथेन. २०१८ मध्ये सतत योजनेत तेल कंपन्यांनी शुद्ध केलेल्या बायोगॅसला किलोला ४६ रुपयांचा दर बांधून दिला. इथेनॉलला २००३ पासून पेट्रोलमध्ये मिश्रणाच्या सक्तीचे गिऱ्हाईक मिळाले, म्हणून राहू ते पानिपत हा रस्ता पाच वर्षांत कापला गेला. पीएचएला असे गिऱ्हाईक नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने पिशव्यांवर बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर. पण बंदीमुळे काय विकायचे नाही ते ठरले. काय विकत घेतले जाईल ते ठरले नाही. उलट ‘बायोडिग्रेडेबल’ असा शिक्का मारलेल्या संशयास्पद पिशव्याच बाजारात फोफावल्या. २०२४ च्या दुरुस्तीने प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांतली व्याख्या घट्ट केली, सूक्ष्मप्लास्टिक मागे न ठेवता जे कुजेल तेच जैवविघटनशील. ही व्याख्या पीएचएच्या पथ्यावर पडणारी आहे. तिची अंमलबजावणी बाजारपेठेत जाऊन, पिशवी तपासून झाली तर.

मैलागाळाच्या प्लास्टिकचा चमचा कुणी तोंडात घालणार नाही, आणि तो विकायचा हट्टही धरू नये. त्याची जागा रोपवाटिकेत आहे. रोप पिशवीसकट लावायचे, पिशवी मातीत जिरून जाईल. खताच्या दाण्यांवर सावकाश विरघळणारा लेप, किंवा पिकानंतर गोळा न करता नांगरून टाकता येईल असा मल्चिंग पेपर, हेही होण्यासारखे आहे. मुळशीपासून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपर्यंत काळ्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या बांधावर उडताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही गरज समजावून सांगावी लागत नाही. तिथे रंग थोडा पिवळट असला तरी चालतो, रोजच्या मालात थोडा फरकही चालतो.

महाराष्ट्रातला असा पहिला कारखाना शहराच्या मैलागाळावर उभा राहील असे मला वाटत नाही. तो धान्याच्या आसवनीच्या किंवा एखाद्या अन्नप्रक्रिया कारखान्याच्या मागच्या आवारात उभा राहील, जिथे स्पेंटवॉश एका पाइपातून, एकाच मालकाचा, ठरलेल्या प्रतीचा येतो आणि थेंबही बाहेर सोडायला प्रदूषण मंडळाची बंदी असल्याने त्याची विल्हेवाट आजच महाग आहे. नागपूरचा ज्वारीचा प्रयोग त्या जागेला तंतोतंत लागू पडतो, आणि आसवनीच्या आवारातली ओळख-पाळख उरवडेवाल्यांना चाळीस वर्षांची आहे. भैरोबा नाल्याचा नंबर त्यानंतर, पालिकेला गाळ टाकायचे पैसे पडायला लागतील तेव्हा.